दान केलेले रक्त किती दिवस टिकते? शीतकपाटातील लाल पेशी आणि आपल्या शिबिरांचे नियोजन

१४ एप्रिलला आपल्याकडे गावोगावी, वस्त्यावस्त्यांत रक्तदान शिबिरे होतात. ६ डिसेंबरलाही होतात. बाबासाहेबांना अभिवादन करायचे तर डीजेवर पैसे उधळण्यापेक्षा रक्त द्यावे, हा विचार तरुण मंडळांत चांगला रुजला आहे. शिबिर संपले की फलकावर आकडा लागतो, फोटो निघतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. त्यानंतर त्या पिशव्यांचे काय होते, हे मात्र आपण फारसे विचारत नाही.

एक साधा हिशोब करू. १४ एप्रिलला घेतलेले रक्त ३५ दिवस टिकणाऱ्या पिशवीत असेल, तर त्याची मुदत १९ मे रोजी संपते. ४२ दिवसांच्या पिशवीत असेल तर २६ मे रोजी. त्यानंतर ते रक्त रुग्णाला देता येत नाही, नियमाप्रमाणे नष्ट करावे लागते. ज्याच्या घरी सिकलसेलचा किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण आहे त्याला रक्ताची गरज १९ मेला संपत नाही. ती जूनमध्येही असते, ऑगस्टमध्येही असते.

आम्ही सामाजिक कार्यकर्ते म्हणून शिबिरांमध्ये आणि अशा कुटुंबांबरोबर काम करतो. दोन प्रश्न सतत कानावर येतात. शिबिराचे आयोजक विचारतात, “रक्त इतके दिवस फ्रिजमध्ये ठेवून चांगले राहते का?” रुग्णाचे नातेवाईक विचारतात, “आमच्या माणसाला महिनाभर जुने रक्त दिले, त्यात काही दोष तर नसेल ना?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे कार्यकर्त्यांच्या हाताशी असावीत म्हणून ही माहिती एकत्र मांडत आहोत.

लाल पेशी म्हणजे काय

रक्त म्हणजे पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा, आणि त्यात तरंगणाऱ्या पेशी. या पेशींत लाल पेशींची संख्या सर्वांत जास्त. त्यांच्यात हिमोग्लोबिन असते आणि ते फुफ्फुसातला प्राणवायू उचलून शरीरभर पोचवते. निरोगी माणसाची लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची लाल पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणूनच त्या रुग्णाचे हिमोग्लोबिन कायम कमी राहते.

लाल पेशीची रचना मोठी चमत्कारिक आहे. तिच्यात केंद्रक नसते. पेशीसाठी ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकाही नसतात. त्यामुळे ती स्वतःची दुरुस्ती करण्यासाठी नवी प्रथिने बनवू शकत नाही. ग्लुकोज मोडून जी थोडी ऊर्जा मिळते तेवढ्यावरच ती जगते. ही ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत साठवलेली असते. ग्लुकोज मोडताना लॅक्टिक आम्ल तयार होते. शरीरात हे आम्ल यकृताकडे वाहून नेले जाते आणि तिथे त्याची विल्हेवाट लागते. पिशवीत यकृत नाही, मूत्रपिंड नाही, प्लीहाही नाही. जे तयार होईल ते पिशवीतच साचते. रक्त साठवण्याची सारी अडचण या एका गोष्टीतून सुरू होते.

शिबिरातून शीतकपाटापर्यंत

आपल्याकडे एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतात. ४५० मिलिलिटर घ्यायचे असेल तर दात्याचे वजन किमान ५५ किलो असावे लागते. पिशवीत आधीपासूनच एक द्रावण भरलेले असते. त्यातले सायट्रेट रक्त गोठू देत नाही, ग्लुकोज पेशींचे अन्न असते, फॉस्फेट आम्लता सांभाळते आणि अ‍ॅडेनिन एटीपी तयार करायला मदत करते. या द्रावणाला सीपीडीए-१ म्हणतात. त्यात रक्त ३५ दिवस टिकते.

मोठ्या रक्तपेढ्यांत रक्त यंत्रात फिरवून त्याचे घटक वेगळे करतात. लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स वेगवेगळ्या पिशव्यांत जातात. लाल पेशींमध्ये मग दुसरे द्रावण मिसळतात. त्याचे नाव एसएजीएम, म्हणजे मीठ, अ‍ॅडेनिन, ग्लुकोज आणि मॅनिटॉल. यात लाल पेशी ४२ दिवस टिकतात. एका पिशवीतून असे दोन-तीन रुग्णांचे काम होते, म्हणून घटक वेगळे करणारी रक्तपेढी शिबिरासाठी बोलावणे केव्हाही चांगले.

प्रत्येक घटकाची थंडीची गरज निराळी आहे. लाल पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात. प्लेटलेट्स थंडीत खराब होतात, त्या २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि पाचच दिवस टिकतात. प्लाझ्मा उणे ३० अंशांच्या खाली गोठवून वर्षभर ठेवता येतो. एकाच दात्याच्या रक्ताचे तीन भाग असे तीन वेगवेगळ्या तापमानांत राहतात.

रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग आणि हिवताप यांसाठी तपासणी झाल्यावरच पिशवी वापरासाठी मोकळी होते.

थंडी कशासाठी, आणि नेमकी एवढीच का

थंडीत पेशीचे सारे व्यवहार मंदावतात. ग्लुकोज कमी जळते, आम्ल कमी साचते, पेशी जास्त दिवस तग धरते. दुसरा फायदा असा की, रक्त घेताना त्वचेवरचे चार-दोन जंतू पिशवीत गेलेच, तर थंडीत बहुतेक जंतूंची वाढ होत नाही. तेच रक्त उन्हात किंवा गरम खोलीत राहिले तर पेशीही लवकर दमतात आणि जंतूही वाढतात.

मग आणखी थंड का करू नये? कारण पाणी गोठले की बर्फाचे स्फटिक पेशीचे आवरण फाडतात. गोठलेली पिशवी वितळवली तर पेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर आलेले असते. असे रक्त रुग्णाला दिले तर जीवावर बेतू शकते. म्हणून लाल पेशींच्या पिशवीला बर्फ थेट टेकवत नाहीत, आणि घरगुती फ्रिजमध्ये ती कधीच ठेवू नये. घरच्या फ्रिजचे दार दिवसातून पन्नास वेळा उघडते, आतले तापमान जागोजागी वेगळे असते आणि त्याची नोंद होत नाही. रक्तपेढीच्या शीतकपाटात आत पंखा असतो, तापमानाची सतत नोंद होते, मर्यादा ओलांडली की घंटा वाजते आणि वीज गेली तर पर्यायी सोय असते.

लाल पेशी गोठवून ठेवण्याची पद्धत आहे, पण ती वेगळी आहे. ग्लिसरॉल मिसळून अतिथंड तापमानात पेशी दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. वापरण्याआधी ते ग्लिसरॉल धुऊन काढावे लागते. हे काम खर्चिक आणि वेळखाऊ असल्याने दुर्मिळ रक्तगटांसाठीच ते केले जाते. असा एक दुर्मिळ गट आपल्या मुंबईच्या नावाने जगभर ओळखला जातो. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे रक्तगटा’ची नोंद केली. या गटाच्या माणसाला ‘ओ’ गटाचे रक्तसुद्धा चालत नाही.

३५ आणि ४२ हे आकडे कुठून आले

शंभर वर्षांपूर्वी रक्त साठवता येत नव्हते. दाता आणि रुग्ण शेजारी शेजारी झोपवून रक्त द्यावे लागे. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस आणि जे. आर. टर्नर यांनी सायट्रेट आणि ग्लुकोजच्या द्रावणात लाल पेशी टिकवून दाखवल्या. पुढच्याच वर्षी, पहिल्या महायुद्धात, ऑस्वाल्ड रॉबर्टसन या लष्करी डॉक्टरने फ्रान्समध्ये बर्फाच्या पेटीत रक्त साठवून जखमी सैनिकांना दिले. १९३७ मध्ये शिकागोच्या कूक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी रक्तसाठा सुरू केला आणि त्याला ‘ब्लड बँक’ हे नाव दिले. १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये लाउटिट आणि मॉलिसन यांनी सुधारित द्रावण तयार केले आणि रक्त २१ दिवस टिकू लागले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सीपीडीए-१ आले, मुदत ३५ दिवस झाली. त्याच काळात स्वीडनमध्ये क्लास हॉगमन आणि सहकाऱ्यांनी लाल पेशींसाठी वेगळे द्रावण तयार केले, त्यातूनच आजचे एसएजीएम आले.

या इतिहासातले एक नाव आपल्या वाचकांना माहीत असायलाच हवे. डॉ. चार्ल्स ड्रू हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय शल्यविशारद. १९४० मध्ये कोलंबिया विद्यापीठात त्यांनी साठवलेल्या रक्तावर प्रबंध लिहिला आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला प्लाझ्मा पाठवण्याच्या मोहिमेचे नेतृत्व केले. याच काळात अमेरिकन रेडक्रॉसने आधी कृष्णवर्णीयांचे रक्त नाकारले आणि १९४२ पासून ते घेतले, तरी गोऱ्यांच्या रक्तापासून वेगळे ठेवले. याला शास्त्रीय आधार नाही, हे ड्रू यांनी स्पष्टपणे सांगितले. ही पद्धत १९५० मध्ये बंद झाली. रक्त किती दिवस टिकते हे विज्ञानाने ठरवले, पण कोणाचे रक्त कोणाला चालते हे ठरवायला तिथे वर्णभेद पुढे आला होता. लाल पेशीच्या पृष्ठभागावर रक्तगट असतो. जात किंवा वर्ण नसतो. रक्ताच्या पिशवीवरही दात्याची जात लिहिलेली नसते.

मुदत ठरवण्याची कसोटी अशी आहे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दिलेल्या लाल पेशींपैकी सरासरी किमान ७५ टक्के पेशी २४ तासांनंतरही शरीरात फिरत असल्या पाहिजेत. शिवाय पिशवीत फुटलेल्या पेशींचे प्रमाण अमेरिकेच्या नियमाप्रमाणे १ टक्क्याच्या आणि युरोपच्या नियमाप्रमाणे ०.८ टक्क्याच्या आत हवे. म्हणजे ४२ व्या दिवशीचे रक्त पहिल्या दिवसासारखे असते असा या आकड्याचा अर्थ नाही. ते अजून कामाचे असते, एवढाच आहे.

पिशवीत दिवसागणिक काय बदलते

साठवणीत लाल पेशींची जी झीज होते तिचे मुख्य टप्पे असे:

१. प्राणवायू सोडण्याची क्षमता. लाल पेशीत २,३-डीपीजी नावाचे द्रव्य असते. त्याच्यामुळे हिमोग्लोबिन प्राणवायूवरची पकड सैल करते आणि तो ऊतींना मिळतो. साठवणीच्या पहिल्या दोन आठवड्यांतच हे द्रव्य जवळपास संपते. त्यानंतर पेशी प्राणवायू घेते, पण सहजासहजी सोडत नाही. दिलासा असा की, पेशी रुग्णाच्या शरीरात गेल्यावर काही तासांतच हे द्रव्य पुन्हा तयार होऊ लागते आणि दोन-तीन दिवसांत पूर्वपदावर येते.

२. ऊर्जा आणि आम्लता. ग्लुकोज जळत राहते, लॅक्टिक आम्ल साचते, पिशवीतली आम्लता वाढते. आम्लता वाढली की ग्लुकोज जाळण्याची क्रियाच मंदावते आणि एटीपी घटू लागते.

३. पोटॅशियमची गळती. पेशीच्या आवरणावर एक पंप असतो. तो पोटॅशियम आत आणि सोडियम बाहेर ठेवतो. थंडीत हा पंप जवळजवळ बंद पडतो. त्यामुळे पोटॅशियम हळूहळू बाहेर येते. एका पिशवीतले एकूण पोटॅशियम मोठ्या माणसाला त्रास होण्याइतके नसते. पण नवजात बाळाला किंवा एकाच वेळी भराभर अनेक पिशव्या द्याव्या लागणाऱ्या रुग्णाला त्याचा धोका असतो.

४. आकार बदलणे. निरोगी लाल पेशी दोन्ही बाजूंनी खोलगट चकतीसारखी आणि लवचिक असते. म्हणून तर ती स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही वाकून जाते. साठवणीत तिच्यावर काटे येतात, मग ती गोळ्यासारखी होते. आवरणाचे बारीक तुकडे सुटून पिशवीत तरंगतात. आकार बदललेली पेशी कडक होते आणि शरीरात गेल्यावर प्लीहा तिला पकडते.

५. ऑक्सिडेशनची झीज. हिमोग्लोबिनमध्ये लोह आहे आणि पिशवीत प्राणवायू आहे. लोखंड गंजते तशीच काहीशी झीज पेशीतली प्रथिने आणि आवरणातली चरबी यांची होते.

६. पेशी फुटणे. काही पेशी पिशवीतच फुटतात. त्यांतून बाहेर पडलेले हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते.

या बदलांपैकी काही शरीरात गेल्यावर भरून येतात, काही येत नाहीत. डीपीजी परत येते, आवरणाचे तुटलेले तुकडे परत येत नाहीत. सगळ्या दात्यांच्या पेशी सारख्या वेगाने झिजत नाहीत हेही आता स्पष्ट झाले आहे. काहींचे रक्त सहाव्या आठवड्यातही चांगले टिकते, काहींचे लवकर थकते. यात आनुवंशिकतेचा वाटा आहे.

पिशवीच्या प्लॅस्टिकची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ते मऊ राहावे म्हणून डीईएचपी नावाचे द्रव्य त्यात घालतात. ते थोडे थोडे रक्तात उतरते. त्याच्या दुष्परिणामांची चिंता आहे, पण तेच द्रव्य लाल पेशीचे आवरण टिकवून धरते आणि पेशी कमी फुटतात. त्यामुळे त्याला पर्याय शोधणे सोपे गेलेले नाही.

मग जुने रक्त रुग्णाला घातक असते का

२००८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. दोन आठवड्यांहून जुने रक्त मिळालेल्या रुग्णांत गुंतागुंत आणि मृत्यू जास्त दिसले. जगभर खळबळ उडाली. पण तो जुन्या नोंदींचा अभ्यास होता. कोणाला कोणते रक्त द्यायचे हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवलेले नव्हते, त्यामुळे इतर कारणांचा प्रभाव वगळता येत नव्हता.

म्हणून मोठ्या चाचण्या झाल्या. २०१५ मध्ये अतिदक्षता विभागातील रुग्णांवरची ‘एबल’ आणि हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवरची ‘रिसेस’ चाचणी प्रसिद्ध झाली. २०१६ मध्ये ‘इन्फॉर्म’ ही २० हजारांहून अधिक रुग्णांची चाचणी आली. त्यात ताज्या रक्ताच्या गटात रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण ९.१ टक्के आणि जुन्या रक्ताच्या गटात ८.८ टक्के होते. म्हणजे फरक नाही. २०१७ च्या ‘ट्रान्सफ्यूज’ चाचणीत सुमारे पाच हजार गंभीर रुग्ण होते, तिथेही ताज्या रक्ताने जीव जास्त वाचले असे दिसले नाही.

आपल्याला सर्वांत जवळची वाटावी अशी चाचणी युगांडातली आहे. कंपालाच्या मुलागो रुग्णालयात तीव्र रक्तक्षय झालेल्या २९० मुलांवर ती झाली. ही मुले हिवतापाची किंवा सिकलसेलची होती. काहींना १ ते १० दिवसांचे रक्त दिले, काहींना २५ ते ३५ दिवसांचे. ऊतींना प्राणवायू मिळतो की नाही हे रक्तातल्या लॅक्टेटवरून पाहिले. जुने रक्त ताज्यापेक्षा कमी पडले नाही. २०१५ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

या चाचण्यांची मर्यादाही लक्षात घ्यावी. त्यांत मुदतीच्या अगदी शेवटच्या आठवड्यातले रक्त मिळालेल्यांची संख्या कमी होती. २०१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या अभ्यासात, सहा आठवडे साठवलेल्या रक्ताच्या पेशी शरीरात गेल्यावर जास्त प्रमाणात नष्ट झाल्या आणि रक्तात मोकळे लोह वाढले. म्हणजे मुदतीच्या आतले, नीट साठवलेले रक्त बहुतेक रुग्णांना सुरक्षित आहे. त्याच्या शेवटच्या काही दिवसांबद्दल शास्त्रज्ञ अजून सावध आहेत.

नातेवाईकांना आम्ही म्हणून एवढेच सांगतो: मुदत संपलेली नसेल, गट जुळलेला असेल आणि पिशवी थंड साखळीत राहिलेली असेल, तर “जुने” आहे म्हणून रक्त नाकारू नका. जीव वाचवण्याच्या वेळी ताज्या रक्ताची वाट पाहण्यात जाणारा वेळ जास्त महाग पडतो.

ताजे रक्त कोणाला लागते

काही रुग्णांसाठी डॉक्टर मुद्दाम कमी दिवसांचे रक्त मागतात. नवजात बाळाचे रक्त बदलायचे असेल तर काही दिवसांचेच रक्त वापरतात, कारण पोटॅशियमचा धोका. थॅलेसेमिया मेजरच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. त्यांना शक्यतो दोन आठवड्यांच्या आतले रक्त द्यावे असे तज्ज्ञ सांगतात. पेशी जितक्या तरुण तितक्या त्या शरीरात जास्त दिवस टिकतात. प्रत्येक पिशवीबरोबर साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. दोन रक्तसंक्रमणांतले अंतर थोडे वाढले तरी या मुलांचा फायदा होतो.

सिकलसेलच्या प्रत्येक रुग्णाला नियमित रक्त लागत नाही. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने अनेकांचे दुखणे आणि रक्ताची गरज कमी होते. पण पक्षाघात झालेला असेल किंवा होण्याचा धोका असेल, छातीत गंभीर गुंतागुंत झाली असेल, हिमोग्लोबिन एकदम घसरले असेल, तर रक्त द्यावेच लागते. विदर्भात हा आजार आदिवासींबरोबरच आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळतो. आजार जनुकातून येतो, त्यात लाजण्यासारखे काही नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त मोफत देण्याचे राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेचे निर्देश आहेत. कोणी पैसे मागत असेल तर लेखी पावती मागा आणि राज्य रक्त संक्रमण परिषदेकडे तक्रार करा.

थंड साखळी कुठे तुटते

चांगले साठवलेले रक्तही शेवटच्या टप्प्यावर बिघडू शकते. बऱ्याच ठिकाणी पिशवी आणण्याचे काम नातेवाइकांवर येते. तेव्हा हे लक्षात ठेवा:

– पिशवी रक्तपेढीच्या शीतपेटीतूनच न्या. हातात, दुचाकीच्या डिकीत किंवा साध्या कॅरीबॅगमध्ये नको.
– वाटेत कुठेही थांबू नका. वॉर्डात पोचल्यावर लगेच परिचारिकेच्या ताब्यात द्या.
– पिशवी ३० मिनिटांहून जास्त वेळ थंडीबाहेर राहिली तर ती पुन्हा साठ्यात घेत नाहीत. म्हणून रुग्णाची तयारी झाल्यावरच पिशवी आणा.
– सुरू केलेली पिशवी चार तासांत संपली पाहिजे.
– पिशवी गरम पाण्यात, उन्हात किंवा अंगाशी धरून कोमट करू नका. गरज असेल तर रुग्णालय खास यंत्र वापरते.
– पिशवीवरची मुदत, गट आणि क्रमांक वाचून पाहा. द्रव गडद लाल, काळपट किंवा गुठळ्या झालेला दिसला तर परिचारिकेला दाखवा.

शिबिरांचे वेळापत्रक बदलू या

आता मूळ मुद्द्यावर येऊ. रक्तपेढी जुनी पिशवी आधी वापरते, जेणेकरून काही वाया जाऊ नये. पण एकाच दिवशी एकाच शहरात दहा मंडळांनी शिबिरे घेतली तर साठा एकदम फुगतो आणि पाच-सहा आठवड्यांनी सारा एकदमच संपतो. १४ एप्रिलला रक्त दिलेल्या पुरुषाला ९० दिवस, म्हणजे १३ जुलैपर्यंत, पुन्हा रक्त देता येत नाही. स्त्रियांना १२० दिवस, म्हणजे १२ ऑगस्टपर्यंत थांबावे लागते. म्हणजे १९ ते २६ मेच्या दरम्यान पिशव्या संपतात आणि आपले सगळे दाते अजून थांबलेलेच असतात. त्यातच मे महिन्याच्या सुट्ट्यांत महाविद्यालये बंद असल्याने इतर शिबिरेही कमी होतात.

यावर उपाय अवघड नाही. दात्यांची यादी तीन गटांत वाटा. पहिला गट १४ एप्रिलला रक्त देईल. दुसरा गट मेच्या शेवटी, पहिल्या गटाच्या पिशव्या संपत आल्या की. तिसरा गट २६ जूनला, राजर्षी शाहू महाराजांच्या जयंतीला. जुलैच्या मध्यावर, वर्षावासाच्या सुमारास, पहिल्या गटातले पुरुष पुन्हा पात्र होतात. पुढे १४ ऑक्टोबर, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन आणि ६ डिसेंबर. ६ डिसेंबरच्या पिशव्या १० ते १७ जानेवारीपर्यंत संपतात, म्हणून जानेवारीच्या मध्यावर एक छोटे शिबिर ठेवा. एका दिवशी दोनशे पिशव्या देण्यापेक्षा दर सहा आठवड्यांनी चाळीस दिल्या तर जास्त रुग्णांना वेळेवर रक्त मिळते.

शिबिर ठरवण्याआधी रक्तपेढीला पाच प्रश्न विचारा. या महिन्यात साठा किती आहे आणि कोणता गट कमी आहे? तुम्ही घटक वेगळे करता का? ३५ दिवसांची पिशवी वापरता की ४२ दिवसांची? गेल्या वर्षी मुदत संपल्याने किती पिशव्या नष्ट कराव्या लागल्या? रक्त शिबिरातून पेढीपर्यंत कसे नेणार? चांगली रक्तपेढी ही उत्तरे आनंदाने देते. साठ्याची माहिती केंद्र सरकारच्या ई-रक्तकोष या पोर्टलवरही पाहता येते.

दात्यांबाबतही आग्रह धरायला हवा. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम. आपल्या अनेक बहिणींना हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवले जाते. त्यांना तसेच घरी जाऊ देऊ नका. शिबिराच्या ठिकाणीच त्यांची नावे घ्या, आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळवून द्या आणि सोबत सिकलसेलची तपासणीही करून घ्या. शिबिराचा आकडा वाढवण्यासाठी नियमांत सूट मागणे म्हणजे दात्याच्या आणि रुग्णाच्या दोघांच्याही जिवाशी खेळ आहे.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त विकण्यावर देशात बंदी आली. तोवर रक्त विकणारे कोण होते? बहुतेक गरीब, बेरोजगार, रस्त्यावर राहणारे. ती पिळवणूक पुन्हा येऊ द्यायची नसेल तर वर्षभर पुरेल इतके ऐच्छिक रक्तदान व्हायला हवे. लाल पेशी थंडीत सहा आठवडे थांबतात, त्याहून जास्त नाही. म्हणून पुढच्या बैठकीत फलकावर किती आकडा लावायचा याआधी मेच्या शेवटच्या आठवड्यात कोण रक्त देणार, त्यांची नावे लिहून घ्या.